सात पावलांची भिंत

सोमवार, ३

शहरास पाणीपुरवठा करणारी मुख्य जलवाहिनी शुक्रवारी जुन्या पुलाजवळ फुटली व तीत सांडपाणी मिसळले. दुरुस्ती झाली, परंतु व्हायचे ते होऊन गेले होते. काल सायंकाळपर्यंत जुलाबाचे अकरा रुग्ण दाखल झाले, आज दुपारपर्यंत एकोणतीस. आरोग्य अधिकारी या नात्याने सर्व जबाबदारी माझ्या शिरावर आहे. अशा प्रसंगी मनाची नोंद ठेवावी, या हेतूने ही वही आजपासून सुरू करीत आहे.

सकाळी एकटाकी पत्रक लिहिले. ते येथे उतरवून ठेवतो:

"दूषित जलप्राशनाने उद्भवणाऱ्या अतिसाराच्या प्रतिबंधार्थ नागरिकांनी पाणी उकळून प्राशन करावे. अतिसार झाल्यास जलसंजीवनीची पुडी पाण्यात विरघळवून रुग्णास वारंवार द्यावी. निर्जलीकरणाची लक्षणे आढळल्यास नजीकच्या आरोग्य केंद्राशी त्वरित संपर्क साधावा."

शाळेत निबंधाला तीन वर्षे पहिला क्रमांक होता, तो वाया गेला नाही. मोठ्या साहेबांनी एकही शब्द न बदलता सही केली. गोदामात निळा कागद पडून होता, त्यावर पाच हजार प्रती छापून घेतल्या आणि सोबत एकेक पुडी देऊन घरोघरी वाटावयास दिल्या. हिला वाचून दाखविले. ही गणित शिकवते, भाषेतले तिला फारसे कळत नाही. म्हणाली, "छान आहे. पैकीच्या पैकी मार्क." मलाही तसेच वाटते.

मंगळवार, ४

रुग्ण त्रेचाळीस.

पत्रकातील मजकूर सहा भिंतींवर रंगवून घेण्याचे ठरले. हाताने पाट्या रंगविणारी आता एकच व्यक्ती या शहरात उरली आहे आणि ती एक बाई आहे. पन्नाशीच्या, वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात. सगळे त्यांना पेंटरबाई म्हणतात. बस स्टँडच्या भिंतीपाशी भेटल्या. निळा कागद दोनदा वाचला, उचललेली शिडी पुन्हा खाली ठेवली आणि म्हणाल्या, "साहेब, लिहिते मी. फक्त एवढं सांगा, यात लोकांनी करायचं काय?"

"का? वाचून कळत नाही?"

"कळतं ना," त्या लगेच म्हणाल्या.

विषय संपला असे मला वाटले. पण त्या भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या. "सात पावलं. माणूस इथून सात पावलांत निघून जातो, थांबत कुणी नाही. तेवढ्यात बारा-चौदा शब्द वाचून होतात. तुमचे अठ्ठावीस आहेत, आणि त्यातले काही तर आगगाडीएवढे."

मजकूर मंजूर झालेला आहे, त्यात काना-मात्रा बदलायची नाही, असे मी स्पष्ट सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. अक्षर मात्र असे काढले की बघत राहावे. पट्टी नाही, दोरी नाही, आणि ओळ सरळ. पलीकडच्या बाकावर बसून मी अर्धा तास लोकांकडे पाहिले. दोघे तरुण भिंतीपाशी क्षणभर थबकले. एक म्हणाला, "कसलीतरी भरती निघालीय वाटतं." दुसरा म्हणाला, "आपल्याला कोण घेतंय!" आणि गेले.

लोकांना वाचनाची सवयच राहिलेली नाही.

बुधवार, ५

रुग्ण एकसष्ट.

सकाळी दोन वर्षांची एक मुलगी आणली. जुलाब तर होतेच, पण ती नुसती मलूल नव्हती, चिडचिडी झाली होती, मध्येच अंग ताठ करीत होती. खाटेवर ठेवेपर्यंत तिला झटका आला. रक्त तपासले तर मीठ भलतेच वाढलेले. सिस्टर तिच्या आईवर ओरडल्या, "काय पाजलंत हिला?"

"पुडी. सांगितली तशीच."

"कशात कालवलीत?"

आईने हाताने दाखविले. वाटी. एवढीशी वाटी. एक लिटर पाण्यात घालायची पुडी तिने एका वाटीत कालवली होती, आणि कालपासून अशा तीन; दोन दुकानातून विकत आणलेल्या.

"अहो, शिकलेल्या दिसता तुम्ही!" सिस्टर म्हणाल्या.

आईने पर्समधून निळा कागद काढला. चार घड्या घातलेला, वापरून मऊ झालेला. "हे बघा ना. यात जसं लिहिलंय तसंच केलं मी. ओळीवर बोट ठेवून केलं." तिने ती ओळ मोठ्याने वाचली. पुडी पाण्यात विरघळवून.

मुलीला ॲम्ब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलात हलविले.

पाणी किती घ्यायचे ते पुडीवर छापलेले असते. हे सर्वांना ठाऊक असते. पत्रकात प्रत्येक गोष्ट देता येत नाही. मी स्वस्थचित्ताने विचार केला आणि मला यात माझा काही दोष दिसत नाही.

जेवलो नाही. भूक नव्हती.

गुरुवार, ६

सकाळी उठल्याबरोबर पुडी हातात घेऊन बघितली. पाणी किती ते छापलेलं आहे. मागच्या बाजूला, खाली, मोहरीएवढ्या अक्षरात. मला चष्मा लावूनही खिडकीपाशी जावं लागलं.

ही दारात उभी होती. म्हणाली, "सोमवारी मी मार्क म्हणाले, ते निबंधाला होते."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही वाचून दाखवलंत."

ऑफिसात न जाता थेट पेंटरबाईंच्या दुकानात गेलो. एका गाळ्यात रंगाचे डबे, दांड्यांवर उलटे टांगलेले ब्रश, आणि कोपऱ्यात अर्धवट राहिलेली सायकल दुरुस्तीची पाटी. मी त्यांना मुलीचं सांगितलं. सगळं सांगितलं, वाटीसकट. त्या हातातला ब्रश पुसत राहिल्या. "काय नुसते उभे राहिलात," शेवटी म्हणाल्या, "बसा. आणि सांगा."

"काय सांगू?"

"जे कागदावर लिहायचं होतं ते. पण मला सांगा. मी तुमची शेजारीण आहे, माझ्या नातवाला जुलाब लागलेत. बोला."

मी सुरू केलं. "पाणी उकळून..."

"किती उकळू?"

"व्यवस्थित."

"माझं व्यवस्थित म्हणजे वाफ आली की बंद. गॅस वाचतो."

"नाही, नाही! खळखळ उकळायला हवं. पुढे एक मिनिट तसंच ठेवायचं."

"स्वयंपाकघरात घड्याळ नाही माझ्या."

मी बोटांवर सेकंद मोजून पाहिले. मग म्हणालो, "साठपर्यंत आकडे मोजा."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खडूने पाटीवर लिहिलं: पाणी खळखळ उकळा. मग साठ आकडे मोजा. मग बंद.

"झाली एक भिंत," त्या म्हणाल्या. "एका भिंतीवर एकच काम. दोन सांगितली की माणूस दोन्ही विसरतो."

असं करत दुपार झाली. मी वीस वर्षं डॉक्टर आहे आणि एवढं कुणी मला कधी खोदून विचारलं नव्हतं. 'वारंवार' म्हणजे कितीदा? (प्रत्येक जुलाबानंतर, चमच्याने, घोट घोट.) उलटी झाली तर? (दहा मिनिटं थांबा, पुन्हा द्या.) अंगावर पिणाऱ्या मुलाचं दूध बंद करायचं का? (मुळीच नाही.) प्रत्येक उत्तर मला येत होतं. येत होतं, आणि मी ते लिहिलं नव्हतं.

शुक्रवार, ७

रुग्ण अठ्ठ्याहत्तर. मुलगी अजून शुद्धीवर आहे-नाही अशी. दोनदा फोन केला.

पेंटरबाईंनी लगेच रंगाला हात घातला नाही. आधी मला हॉस्पिटलच्या नोंदणीच्या रांगेत घेऊन गेल्या. पाटीवरचं वाचून दाखवायचं आणि विचारायचं, "आता घरी जाऊन काय करणार, सांगा." 'समजलं का?' असं विचारायचं नाही.

"का बरं?" मी विचारलं.

"समजलं का विचारलं की सगळे हो म्हणतात. मंगळवारी मीही म्हणाले होते की."

एक आजोबा म्हणाले, "आम्ही उकळलेलंच पितो, कधीपासून."

"दिवसभर?"

"हो. चहा."

बाकीच्या वेळी नळाचं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खडूने एक ओळ वाढवली: पिण्याचं सगळं पाणी उकळलेलं. एका बाईने सांगितलं की ती पाणी उकळते आणि थंड होण्यासाठी त्यात नळाचं थोडं ओतते. ती ओळही वाढली: वरून नळाचं पाणी ओतू नका. आगगाडीएवढे शब्द गेले, आणि माझी भीती अशी होती की त्यांच्याबरोबर शास्त्रही जाईल. उलटंच झालं. आजचा मजकूर माझ्या पत्रकापेक्षा जास्त अचूक आहे. हे मी कुणापाशी बोललो नाही, इथे लिहितो.

पुडीचं भिंतीवर कसं दाखवायचं यावर मी अडलो होतो. एक लिटर म्हणजे किती, हे माणसाला डोळ्यांनी कुठे दिसतं? बाईंनी औषधाच्या दुकानाशेजारच्या भिंतीवर, माणसाच्या छातीच्या उंचीवर, पाण्याची एक लिटरची बाटली काढली. जशीच्या तशी, खऱ्या मापाची, झाकणासकट. तिच्याशेजारी पुडी, तीही खऱ्या मापाची. वर लिहिलं: आख्खी पुडी. एक लिटर पाणी. वाटीत नाही. पेल्यात नाही.

रंग ओला असतानाच एका माणसाने पिशवीतली बाटली काढून चित्रावर धरली. बरोब्बर बसली. मागच्या बाईने आपली धरली, ती अर्ध्यावरच राहिली. "अगं बाई, मी हिच्यातच कालवत होते," ती म्हणाली आणि घराकडे जवळजवळ पळतच गेली.

मी तिथे उभा होतो. डोळ्यांत रंगाची वाफ गेली असावी.

चार वाजता मोठ्या साहेबांनी बोलावलं. शाळेजवळच्या भिंतीवर 'मुलाला लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलं, तर थांबू नका, दवाखान्यात आणा' असं लिहिलेलं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. "लघवी? सार्वजनिक भिंतीवर? शोभतं का हे?"

बाई माझ्याबरोबर आल्या होत्या, हातांना पिवळा रंग. त्या म्हणाल्या, "साहेब, त्याच भिंतीवर हा शब्द आधीही होता. 'येथे लघवी करू नये.' मीच लिहिलेला, तुमच्याच ऑफिसने सांगितलेला. तेव्हा तर नाही कुणी काही बोललं."

मोठ्या साहेबांना खोकला आला. तो शब्द राहिला.

मग बाईंनी दुसरी गोष्ट काढली, आणि ती त्यांनी मलाही आधी सांगितली नव्हती. "निळा कागद पाच हजार घरांत आहे. भिंत रस्त्यावर. भिंतीवर एक, कागदावर दुसरं, तर माणूस घरातल्याचं ऐकणार. तो कागद चुकीचा आहे असं लिहायला लागेल. मोठ्या अक्षरात."

"चुकीचा आहे असं आपण कधीच लिहीत नाही," मोठे साहेब म्हणाले. "सुधारित पत्रक लवकरच प्रसिद्ध होईल, असं लिहा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघितलं.

शनिवार, ८

सकाळी तपासणीत दुसरं मूल. तेच. वाटी. हे लवकर आलं, वाचेल. बापाच्या खिशात निळा कागद.

मी हॉस्पिटलातून निघालो आणि चालत बस स्टँडला गेलो. बाई तिथे आधीच होत्या. मंगळवारचा माझा मजकूर त्यांनी पांढऱ्या रंगाने पुसून टाकला होता. भिंत कोरी होती आणि त्या शिडीवर बसून वाट बघत होत्या. कुणाची, ते विचारलं नाही.

"लिहा," मी म्हणालो.

"काय लिहू? बोला तुम्ही."

मी बोललो, त्यांनी लिहिलं. "निळा कागद फाडून टाका. त्यात चूक आहे. पुडी एक लिटर पाण्यातच घाला."

"बारा झाले," त्या खाली न बघता म्हणाल्या. "चूक कुणाची, ते हवंय का? कुणाचीच नसलेली चूक लोकांना खरी वाटत नाही. जागा आहे खाली."

एक बस आली, उतारू उतरले, बस गेली. मला वीस वर्षांची नोकरी आठवली, मोठे साहेब आठवले, आणि ओळीवर ठेवलेलं ते बोट आठवलं.

"चूक आरोग्य अधिकाऱ्याची," मी म्हणालो.

त्यांनी ते बाकीच्या अक्षरांइतक्याच सुबक अक्षरात काढलं. मोठंही नाही, लहानही नाही. मग खाली उतरल्या, सात पावलं मागे गेल्या आणि म्हणाल्या, "वाचता येतंय."

संध्याकाळी हिला सांगितलं. तिने गॅस बंद केला, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मी बघून आले. शाळा सुटल्यावर गेले होते."  आज ताट तिने वाढलं आणि मी जेवेपर्यंत समोरून उठली नाही.

सोमवार, १०

खुलासा मागवणारं पत्र आलं. तीन दिवसांत उत्तर द्यायचं आहे. पत्र चार पानी आहे आणि मला त्यातलं दुसरं पान दोनदा वाचावं लागलं.

कालपासून लोक येतात आणि माझ्या टेबलावर निळे कागद ठेवतात. फाडायचे सोडून परत आणून देतात. काही रागावून. एका गृहस्थांनी तोंडावर फेकला आणि बोलायचं ते बोलून घेतलं. मी ऐकून घेतलं. मग त्यांनीच विचारलं, "बरं, एक लिटर म्हणजे ती भिंतीवरची बाटली ना?" मी हो म्हणालो.

आज नवे रुग्ण नऊ. वाटीचा एकही नाही.

बुधवार, १२

खुलासा लिहिला. पाच ओळी. चूक झाली. कुठे झाली. त्यामुळे काय झालं. मी काय केलं. पुन्हा होऊ नये म्हणून यापुढे प्रत्येक पत्रक आधी रांगेतल्या दहा माणसांना वाचून दाखवणार.

मोठे साहेब वाचून म्हणाले, "एवढंच?" मी म्हणालो, एवढंच आहे.

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, त्यांच्या आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि कुठली कधी घ्यायची हे तिला कळत नाही, तिची चिठ्ठी ती पेंटरबाई लिहून देईल का? मी म्हणालो, विचारून सांगतो.

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पाठवा आजींना दुकानात. चिठ्ठी नाही, आजी पाठवा. त्यांना काय दिसतं, काय कळतं, ते बघितल्याशिवाय मी लिहिणार नाही."

या बाईने कुठल्या कॉलेजात पाय ठेवलेला नाही. मी मात्र ठेवला होता, आणि तिथे मला सगळं शिकवलं, फक्त समोरचा काय ऐकतो ते बघायला कुणी शिकवलं नाही. आज त्यांना तसं म्हणालो. त्यांनी टर्पेंटाइनची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "झाकण लावा जरा. घट्ट झालंय."

शुक्रवार, १४

नवा रुग्ण एक.

ती छोटी मुलगी मोठ्या हॉस्पिटलातून परत आली. चालते आहे. खाते आहे. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने नजर ठेवायची, पण आत्ता सगळं ठीक दिसतंय. मी फोन ठेवला आणि पाच मिनिटं कुणाला आत सोडलं नाही.

शनिवार, १५

सकाळी तिची आई ऑफिसात आली. एकटीच. मी उभा राहिलो. काय बोलायचं ते मी आठवडाभर घोकलं होतं, पण तिने बोलू दिलं नाही.

"भिंत वाचली मी," ती म्हणाली. "पण माझे सासू-सासरे घराबाहेर पडत नाहीत. ते अजून म्हणतात की हिने पोरीला मीठ पाजलं. शिकलेली असून पाजलं. नवरा गप्प बसतो. मी सांगितलं तर म्हणतात, स्वतःचं झाकतेस. तुम्ही चला."

"आत्ता?"

"आत्ता."

मी गेलो. दुसऱ्या मजल्यावरचं घर, दोन खोल्या, दारात लहान चपला. मुलगी जमिनीवर बसून डब्यांवर डबे रचत होती. मला बघून तिने एक डबा पुढे केला. सासूबाई पलंगावर, सासरे खुर्चीत, नवरा खिडकीला पाठ लावून. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "त्या पत्रकाच्या मजकुरात दुर्दैवाने एक त्रुटी राहून..."

"काय म्हणतात हे?" सासूबाईंनी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. चिडून नाही, रडून नाही. रांगेतल्या माणसांकडे बाई बघायच्या तसं, मला येतंय की नाही ते बघत.

मी खाली बसलो, त्यांच्या डोळ्यांसमोर येईल असा. म्हणालो, "कागद मी लिहिला. त्यात पाणी किती घ्यायचं ते लिहायला मी विसरलो. हिने कागदात होतं तसंच केलं. चूक माझी. हिची नाही."

नवऱ्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मुलीने आणखी एक डबा रचला.

सासऱ्यांनी कानामागे हात धरला. "काय? काय म्हणाला?"

"बाबांना ऐकू कमी येतं," ती म्हणाली. "पुन्हा सांगा. मोठ्याने."

मी उठून त्यांच्या खुर्चीपाशी गेलो, कानाशी वाकलो आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडलो, "चूक माझी होती!"

त्यांनी मान हलवली. मग सुनेकडे वळून, हळू आवाजात, म्हणाले, "अगं, मग डॉक्टरांना पाणी दे. उकळलेलं."